बुवांच्या कपाळावरची शीर

गुणाजी : थांब, थांब, थांब. बंद कर ती पेटी. वहिनी, आज कणीक पातळ झालीय काय ओ?

शेवंती : नाही हो भावजी. घट्टच भिजवलीय, दर रविवारसारखी.

गुणाजी : मग ही पखवाजाची डावी बाजू अशी भदभद का बोलतेय? थोडी अजून आणा बघू कणीक. वरून थापतो.

शेवंती : आणते. पण मघाशी पण थापलीत. आणखी थापलीत तर त्याची भाकरी होईल.

साईनाथ : गुणा, पखवाज चांगला बोलतोय. कणकेला कशाला नावं ठेवतोस? थाप चुकली.

गुणाजी : कुठे चुकली?

साईनाथ : मी सूर ओढत होतो. ओढता ओढता गजरावर आलो, ‘गजानना’ म्हटलं, आणि तुझी थाप मागून आली. लग्न लागून गेल्यावर अक्षता टाकल्यासारखी.

गुणाजी : आणि त्याच्या आधीच्या खेपेला?

साईनाथ : त्या खेपेला लवकर पडली. मी अजून सुरातच होतो.

गुणाजी : लवकर पण मीच आणि उशिरा पण मीच. अरे, एक काहीतरी ठरव.

साईनाथ : मी काय ठरवू? मी रेकॉर्डिंग लावू का मोबाइलवर? ऐकतोस?

गुणाजी : नको. ऐकलं मी. बहिरा नाय झालोय. म्हणजे, कालच कान तपासून आलो.

साईनाथ : कान? कशाला?

गुणाजी : मंजुळा म्हणाली तपासा. मागच्या त्या सोसायटीच्या पूजेत पण माझं असंच झालं ना. घरी गेलो, जेवलो नाय. तिने विचारलं काय झालं, मी म्हटलं माझी थाप चुकायला लागली. ती म्हणाली, तुम्हाला कुकरच्या शिट्ट्या पण ऐकू येत नाहीत. आता कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझं कधीपासून झालं? पण गेलो. डॉक्टर म्हणाला, कान वीस वर्षांच्या पोराचे आहेत.

साईनाथ : मग झालं तर.

गुणाजी : काय झालं? कान चांगले आहेत म्हणजे बिघाड दुसरीकडे आहे. कान बिघडले असते तर यंत्र लावलं असतं. हे काय आहे माका कळणाच नाय.

साईनाथ : परत एकदा घेऊ या. गौळण सोड. सरळ गजराच्या आधीपासून.

गुणाजी : घेऊन काय होणार? साईनाथ, ऐक. शनिवारी कल्याणला समोर जगनबुवा बसणार आहे. डबलबारी आहे ती, घरची पूजा नाय. आधी तो गाणार, मग तू, मग परत तो. तुझ्या बारीत माझी एक थाप चुकली की तो माइक हातात घेऊन सगळ्या मैदानासमोर म्हणणार, ‘बुवा, तुमचा पखवाज घरीच राहिला की काय?’ लोक हसतील. मला हसले तर हसू देत. तुला हसतील.

साईनाथ : जगन काय पण बोलतो. मी देतो उत्तर.

गुणाजी : उत्तर देशील, पण थाप कोण देणार? तू त्या उल्हासनगरच्या रत्नदीपला बोलव. चांगला वाजवतो पोरगा. हात साफ आहे.

साईनाथ : रत्नदीप मात्रा मोजून वाजवतो.

गुणाजी : मग बरोबरच आहे ना?

साईनाथ : माझं काय मोजण्यासारखं असतं का? सूर किती ओढायचा ते मला तरी आधी ठाऊक असतं का? श्वास जिथे नेईल तिथे जायचं आणि गजरावर उतरायचं. तिथे बरोबर तू असतोस. एवढी वर्षं आहेस. लोक कशाला येतात आपल्या बारीला? त्या एका थापेला येतात.

गुणाजी : असायचो. आता नाय आहे.

शेवंती : ही घ्या कणीक. आणि हळू बोला दोघं, वरचे लोक दुपारचे झोपलेत. काय ठरलं? कोण रत्नदीप?

साईनाथ : काय नाही ठरलं. ह्याला शनिवारी घरी बसायचंय.

शेवंती : शनिवारी? अहो भावजी, बॅनर लागले की कोपर स्टेशनपासून. तुमचं नाव आहे खाली.

गुणाजी : बॅनरवर नाव असून हात थोडाच चालतो, वहिनी? आणि दुसरी एक गोष्ट सांगू? हसायचं नाय.

साईनाथ : बोल.

गुणाजी : तुझ्याकडे बघितलं ना, की मला तू वाटत नाहीस.

साईनाथ : म्हणजे?

गुणाजी : आता कसं सांगू. तोंड तुझंच आहे. आवाज तुझाच आहे. पण वाजवताना बघतो तर वाटतं, साईनाथच्या जागी त्याचा चुलतभाऊ बसलाय. काय केलंयस तू? दात काढलेस?

साईनाथ : दात काढले तर गाईन कसा?

गुणाजी : मिशी कमी केलीस?

साईनाथ : मिशी आहे तेवढीच आहे.

गुणाजी : केसांना नवीन रंग लावलास. तो मेंदीचा लाल होता, आता काळा दिसतोय.

साईनाथ : अरे, तोच आहे.

शेवंती : सांगा की.

साईनाथ : तू चहा टाक.

शेवंती : चहा उकळतोय. तुम्ही सांगा.

गुणाजी : काय सांगायचंय? काय आहे? वहिनी, शुगर बिगर निघाली काय ह्याला?

शेवंती : शुगर निघाली असती तर लपवली नसती. गोळ्यांचा डबा दाखवून चार जणांत सांगितलं असतं.

साईनाथ : काय नाही रे. ते मध्ये मी डोळे आलेत म्हणून गॉगल लावून फिरत होतो, आठवतं?

गुणाजी : होय. मी म्हटलं लांबच बस, मला लागतील.

साईनाथ : डोळे नव्हते आले. डोळ्यांभोवती काळंनिळं झालेलं. कपाळाचं एक छोटं ऑपरेशन करून घेतलं. ठाण्याला, पाचपाखाडीत. डेपो जवळ आहे ना माझा, खोपटला, ड्युटी संपली की गेलो. रजा पण नाही लागली, गॉगल लावून ड्युटी केली.

गुणाजी : कपाळाला काय झालेलं?

साईनाथ : झालेलं काय नाही. ती शीर होती ना. इथून भुवईपासून वर केसांपर्यंत. गाताना फुगून वर यायची.

गुणाजी : होय. ती यायची. मग?

साईनाथ : ती काढली.

गुणाजी : काढली म्हणजे? थांब, चष्मा कुठाय माझा? इकडे उजेडाला ये. अरे, हिथे तर काहीच नाय! खंय गेली ती?

साईनाथ : काढली सांगतोय ना. कपाळाला भूल दिली, केसांच्या कडेला बारीक बारीक छेद घेतले, आणि एका आकड्याने ओढून काढली. हे बघ, केस मागे केले तर एवढीशी खूण दिसेल. बस.

गुणाजी : ओढून? सुतळी ओढतात तशी?

शेवंती : भावजी, चहा प्यायचाय ना तुम्हाला अजून? नका विचारू.

गुणाजी : आणि त्यातलं रक्त आता कुठून जाणार?

साईनाथ : दुसऱ्या शिरांतून. डॉक्टरांनी समजावलं. म्हणाले, कपाळात रस्ते भरपूर आहेत, एक बंद झाला तर वाहतूक दुसरीकडून जाते.

गुणाजी : एसटीवाल्याला बरोबर समजावलंन. डायव्हर्जन. बरं, पण ती दुखायची का? डॉक्टर काय म्हणाला, धोका होता?

साईनाथ : नाही. दुखायची पण नाही, धोका पण नाही. ते म्हणाले, हा आजारच नाही, दिसण्याचा प्रश्न आहे.

गुणाजी : दिसण्याचा? तू? अरे, तू शर्टाचं बटण उलटं लावून स्टेजवर बसलेला माणूस!

शेवंती : विचारा. मी विचारून थकले. मला वेगळं उत्तर मिळतंय का बघा.

साईनाथ : वेगळं कशाला असेल? गुणा, ते आपले व्हिडिओ टाकतात लोक. मोबाइल अगदी तोंडात घालून काढतात. त्याच्या खालच्या कॉमेंट सोनलने वाचून दाखवल्या, माझ्याच पोरीने. ‘बुवा, शीर सांभाळा.’ एकाने लिहिलंय, ‘ॲम्ब्युलन्स तयार ठेवा.’ बॅनरवर पण फोटो छापला तो नेमका गजराचा, शीर अशी दोरीसारखी. वाईट दिसतं.

शेवंती : हेच. बॅनर. चोपन्न वर्षांचा माणूस बॅनरसाठी कपाळ कापून घेतो. भावजी, ह्यांना दाढी करायला आरसा लागत नाही. खिडकीकडे तोंड करून दाढी करतात, हनुवटीखाली अर्धी राहते. त्या माणसाला अचानक बॅनर दिसायला लागला. मी काय समजायचं?

साईनाथ : काय समजायचं म्हणजे?

शेवंती : काही नाही. माझंच डोकं चालत नाही. शेजारची समीक्षा म्हणाली, काकी, ह्या वयात पुरुष असं करतात तेव्हा लक्ष ठेवा.

गुणाजी : आई गं! बुवा, नाव सांग तिचं.

साईनाथ : गप रे! तू चेष्टा करू नको, आणि शेवंती, तू असल्या लोकांचं ऐकू नको. चल, पखवाज घे. गजराच्या आधीपासून.

गुणाजी : घेतो. पण तुझ्याकडे बघून नाय जमत. मी डोळे मिटून वाजवतो.

साईनाथ : मिट.

(पेटी. लांब ओढलेला सूर. थाप. पेटी थांबते.)

गुणाजी : काय झालं?

साईनाथ : मी अजून श्वास पण संपवला नव्हता.

गुणाजी : म्हणजे डोळे मिटले की आणखीन वाईट.

साईनाथ : म्हणजे तू ऐकून नाही वाजवत?

गुणाजी : ऐकतो की. ऐकतो आणि बघतो.

साईनाथ : काय बघतोस? पेटीवरचा हात?

गुणाजी : नाय. तोंड बघतो तुझं. तोंडाकडे... थांब हां. साईनाथ, जरा थांब. ती तुझी शीर कधी वर यायची?

साईनाथ : गाताना यायची, सांगितलं ना.

गुणाजी : गाताना सबंध वेळ नाय. गौळण म्हणताना नसायची. सूर ओढायला लागलास की हळूहळू यायची, आणि अगदी वर आली, मधे ती गाठ दिसली, की तू गजरावर उतरायचास.

साईनाथ : असेल. मला कसं दिसणार?

गुणाजी : अरे देवा.

साईनाथ : काय?

गुणाजी : मी तिच्यावर वाजवत होतो.

साईनाथ : कोणावर?

गुणाजी : त्या शिरेवर! ती गाठ दिसली की माझा हात जायचा. मला वाटायचं हात आपोआप जातो. अरे, मी लोकांना सांगत फिरलो, आमच्या बुवांचा आणि माझा श्वास एक आहे. टिटवाळ्याच्या देवळात माइकवरून सांगितलं. माझ्या सत्काराला सांगितलं, शाल अंगावर घेऊन. श्वास बीस काय नाय. मी तुझं कपाळ बघत होतो.

साईनाथ : असं कसं होईल? तू काय मुद्दाम बघायचास?

गुणाजी : मुद्दाम बघितलं असतं तर आज डोकं आपटत बसलो असतो का? कान कशाला तपासले असते? मला ठाऊकच नव्हतं. तू ती काढलीस आणि माझ्या हातातलं काढून घेतलंस. निदान मला विचारायचंस तरी!

साईनाथ : काय विचारणार होतो? ‘गुणा, माझ्या शिरेचं तुला काही काम आहे का?’ असं?

गुणाजी : ते पण खरं.

साईनाथ : आणि विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?

गुणाजी : म्हटलं असतं, मला काय करायचीय, काढून टाक.

साईनाथ : मग? आता माझ्यावर कशाला ओरडतोस?

गुणाजी : ओरडत नाय रे. मला राग आलाय आणि कोणाचा आलाय ते कळत नाय. शनिवार तोंडावर आहे. ती परत नाय लावता येत ना?

साईनाथ : काय पण बोलतोस.

गुणाजी : काजळाने रेघ काढली तर? नाय, ती हलणार नाय. खुळ्यासारखं बोलतोय मी. जाऊ दे. रत्नदीपला फोन लाव. मी समोर बसून ऐकेन. खरंच सांगतो, वाईट नाय वाटणार.

शेवंती : वाटणार. आत्ताच चहा बशीबाहेर ओतताय तुम्ही. कप नीट धरा.

साईनाथ : सगळंच उलटं झालं. च्यायला, हिच्यासाठी करायला गेलो आणि हा हातातून गेला. आणि ही पण आली नाही ती नाहीच.

शेवंती : काय म्हणालात?

साईनाथ : काय नाही.

शेवंती : कोणासाठी करायला गेलात?

साईनाथ : तुझ्यासाठी. झालं समाधान? बॅनर नाही, व्हिडिओ नाही. तुझ्यासाठी.

शेवंती : मी कधी म्हटलं कपाळ कापून घ्या म्हणून?

साईनाथ : नाही म्हटलंस. पण नयन गेल्यापासून माझी एक तरी बारी पूर्ण बसून ऐकलीस का?

गुणाजी : नयन म्हणजे वहिनींचा भाऊ ना, गावचा?

शेवंती : हो. धाकटा. अंगणात नळ सुरू करायला वाकला आणि तिथेच पडला. डोक्यातली शीर फुटली, असं सांगितलं आम्हाला.

साईनाथ : त्याचं वर्षश्राद्ध झालं, त्यानंतर माझी डोंबिवलीला बारी होती. ही पहिल्या रांगेत बसलेली. मी गजराला आलो आणि ही उठून गेली. मला वाटलं, पोट बिघडलं. घरी आलो तर म्हणाली, ‘तुमची ती शीर फुगली ना, की मला नयन दिसतो. मला नाही बसवत.’ त्या दिवसापासून ही स्वयंपाकघरात आणि मी हॉलमध्ये. बारीला निघालो की कणकेचा डबा हातात देते आणि दार लावून घेते. आधी कशी यायची, गुणा? आठवतं तुला?

गुणाजी : आठवतं. बायकांत सगळ्यात पुढे. कोरसपेक्षा मोठ्याने म्हणायच्या.

साईनाथ : मग मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, कशाला करता, ह्याने तुम्हाला काही अपाय नाही. मी म्हटलं, मला नाही, बायकोला आहे.

गुणाजी : डॉक्टर काय म्हणाला?

साईनाथ : त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, बायकोला आधी विचारून या.

शेवंती : आणि तुम्ही विचारलं नाहीत.

साईनाथ : विचारलं असतं तर तू कपाळाला सुरी लावू दिली असतीस?

शेवंती : नसती दिली.

साईनाथ : तेच. म्हणून बॅनर सांगितलं.

शेवंती : आणि मी इकडे समीक्षाचं ऐकून तुमचे शर्ट हुंगत होते. तुम्ही खरंच... काय म्हणू मी तुम्हाला? मला हसू येतंय की रडू येतंय तेच कळत नाही.

साईनाथ : मला वाटलं, तू बघशील ती गेली, आणि येऊन बसशील. मागच्या पूजेला मी दोनदा म्हटलं, चल. नाही आलीस. आत्ता पण दाराच्या आत उभी राहून ऐकतेस. आता कसली भीती? आता कपाळ कोरं आहे.

शेवंती : कोरं आहे म्हणूनच.

साईनाथ : म्हणजे?

शेवंती : आता कसं सांगू तुम्हाला. ती दिसायची तेव्हा मला भीती वाटायची, खरं आहे. पण वर आलेली दिसायची तशी उतरलेली पण दिसायची. बारीला येत नव्हते, पण इथे रविवारी दाराआडून बघायचे. ती उतरली की मी श्वास सोडायचे. आता वर आलीय की उतरलीय, काही कळत नाही. मी श्वास धरूनच उभी असते. तुम्ही पेटी बंद करून पाणी मागता, तेव्हा सोडते.

साईनाथ : म्हणजे तुझी भीती वाढली?

शेवंती : वाढली.

साईनाथ : कमाल झाली. मग मी केलं तरी काय?

गुणाजी : काय केलंस ते मी सांगतो. आम्ही दोघं एकाच शिरेवर होतो. वहिनी आत, मी बाहेर. तू दोघांची एकदम काढलीस.

साईनाथ : डॉक्टर मला हे काही बोलला नव्हता.

गुणाजी : त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, कपाळात किती जणांचे रस्ते आहेत.

शेवंती : पण भावजी, एक विचारू? तुम्ही नेमकं शिरेकडे बघून थाप द्यायचात?

गुणाजी : आता तसंच दिसतंय.

शेवंती : मग जरा धावपळच होत असेल तुमची. शीर शेवटी येते.

गुणाजी : शेवटी? कशाच्या शेवटी?

शेवंती : अंगठ्याच्या.

साईनाथ : कसला अंगठा?

शेवंती : तुमचा. उजव्या पायाचा. मांडी घालून बसता ना, तो बाहेर असतो. सूर ओढायला लागलात की तो ताठ होतो, नंतर हळूहळू वर उचलतो. अगदी वर गेला की मग शीर येते. आणि गजर उचलला की धपकन खाली.

साईनाथ : माझा अंगठा हलतो?

शेवंती : डेपोत गाडी लागल्याचं माइकवर सांगताना पण हलत असेल. बुटात कोणाला दिसत नाही.

साईनाथ : मला कधी कळलं नाही.

शेवंती : तुम्हाला शीर तरी कुठे दिसत होती?

गुणाजी : वहिनी, तुम्ही अंगठ्याकडे कशाला बघत होता?

शेवंती : कपाळाकडे बघवायचं नाही म्हणून. मान खाली घालायचे. खाली घातली की पाय दिसायचे ह्यांचे. मग पायच बघत राहायचे. अंगठा वर जायला लागला की समजायचं, आता ती येणार. आधीच डोळे मिटून घ्यायचे, आणि गजर सुरू झाला की उघडून ती उतरली का तेवढं बघायचे.

साईनाथ : एवढं सगळं तू दारात उभी राहून करत होतीस?

शेवंती : मग काय करणार? गाणं तर ऐकायचं होतं.

गुणाजी : म्हणजे अंगठा आहे अजून. तो नाय ना काढलास, बुवा?

साईनाथ : आहे बाबा. हा बघ.

गुणाजी : चला, ओढ सूर. मी अंगठा बघतो. ओढ, ओढ... आई आई गं! थांब.

साईनाथ : काय झालं?

गुणाजी : मान. एवढी खाली नाय वाकत माझी. मणक्याचा पट्टा लावून झोपतो मी. वाकून बघायला गेलो की हात अडतो, आणि हात मोकळा ठेवला की अंगठा नाय दिसत.

साईनाथ : मी पाय वर घेऊन बसू का? पेटीच्या बाजूला?

गुणाजी : हो, आणि जगनबुवाच्या तोंडासमोर नाचव. महिनाभर पुरेल त्याला.

शेवंती : मी बघते.

साईनाथ : तू काय बघतेस?

शेवंती : अंगठा. भावजींना मान खाली घालता येत नाही, मला कपाळाकडे बघायचं नाही. मी समोर बसते. भावजी, तुम्ही माझ्याकडे बघा. खाली आला की मी मान हलवते.

गुणाजी : मान नको. मान हलवेपर्यंत उशीर होईल. तुम्ही नुसत्या बसा. तुमच्या तोंडावर कळेल मला. मला तोंड बघून वाजवायची सवय आहे.

साईनाथ : शेवंती, जमेल तुला? भीती वाटेल.

शेवंती : वाटेलच. दाराआड पण वाटतेच. ती पिशवी बाजूला करा. इथे बसते.

गुणाजी : एकदम समोर. हां. बुवा, तू आमच्याकडे बघू नको. तू तुझं गा.

साईनाथ : गजराच्या आधीपासून?

गुणाजी : तिथूनच. कणीक चांगली आहे ओ वहिनी. उगाच नावं ठेवली मी.

(पेटी. सूर ओढला जातो, आणखी ओढला जातो. थाप आणि ‘गजानना’ एकाच वेळी. गजर पुढे चालू राहतो, त्यात एक बाईचा आवाज मिसळतो. मग पेटी थांबते.)

गुणाजी : पडली.

साईनाथ : पडली ना?

गुणाजी : अरे, पडली म्हणजे काय! बरोबर टाळक्यात पडली. वहिनी, तुमच्या तोंडावर असं काही आलं ना, की माझा हात थांबूच शकला नाय. परत एकदा घेऊ. नाय, नको. आज नको. आता चुकली तर मला सहन नाय होणार.

साईनाथ : शेवंती? अगं, रडतेस कशाला? एवढं घाबरलीस?

शेवंती : घाबरले. पण रडतेय ते त्याच्यासाठी नाही. किती वर्षांनी समोर बसून ऐकलं तुम्हाला.

गुणाजी : बघ, उगाच घाबरवलंस त्यांना. मी जातो. मंजुळाला सांगायचंय, कान बरोबर आहेत. आणि हो, रत्नदीपला फोन बीन करू नको आता.

साईनाथ : मी कधी करणार होतो? बस, चहा संपव. शेवंती, शनिवारी...

शेवंती : काय शनिवारी?

साईनाथ : नाही, तो कणकेचा डबा. लवकर भरून ठेव म्हणत होतो. कल्याणला पाचला पोचायचंय.

शेवंती : डब्यातली कणीक पोचेपर्यंत सैल होते. ह्या वेळी नुसतं पीठ घेते बरोबर. तिथेच भिजवीन.